तिसरी किल्ली

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर आला आणि बिटकॉइनची कल्पना जगापुढे मांडली गेली. या निबंधाची सुरुवात तंट्याच्या तक्रारीने होते, ही गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. ऑनलाइन पैसे देताना मध्ये वित्तसंस्था असते. तिला देणाऱ्या-घेणाऱ्यांचे तंटे सोडवावे लागतात, म्हणून दिलेला पैसा परत फिरवण्याची सोय ठेवावी लागते. या सोयीचा खर्च आणि तिची धास्ती शेवटी विक्रेत्याच्या माथी येते, असा निबंधाचा आक्षेप आहे. त्यावर त्याने सुचवलेला उपाय म्हणजे एकदा दिला की परत न फिरणारा पैसा. मग पैसे देणारा फसला तर काय करायचे? त्याच्यासाठी निबंधात अर्धेच वाक्य आहे. पैसे त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याची नेहमीची व्यवस्था त्याच्या रक्षणासाठी सहज उभारता येईल, एवढेच ते म्हणते. त्यानंतर डिजिटल चलनात मोबदला देणारे अनेक ऑनलाइन कामबाजार उभे राहिले, काही बुडाले, काही अजून धडपडत आहेत. या सगळ्यांचा अनुभव पाहता मला असे म्हणायचे आहे की त्या अर्ध्या वाक्यातला ‘सहज’ हा शब्द फार महाग पडला. अशा बाजारावर लोकांचा विश्वास बसेल की नाही, हे चलन कोणते यावर फारसे ठरत नाही. काम बिघडल्यावर निवाडा कोण करतो आणि चुकीचा निवाडा केला तर त्याचे स्वतःचे काय जाते, यावर ते ठरते.

वस्तूच्या बाजारापेक्षा कामाचा बाजार अवघड आहे, हे आधी पाहू. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि म्हणून चांगल्या गाड्याही बाजारातून हळूहळू बाहेर पडतात, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७०मध्ये मांडले. पण गाडी निदान समोर उभी असते. बोधचिन्ह, भाषांतर, संगणकाचा कोड किंवा व्हिडिओचे संकलन हे काम ठरते तेव्हा ते अस्तित्वातच नसते. ते पूर्ण झाल्यावरही त्याचा बरेवाईटपणा काही अंशी रुचीवर अवलंबून असतो. ‘मला हवे तसे झाले नाही’ हे वाक्य क्लायंट प्रामाणिकपणे म्हणू शकतो आणि पैसे बुडवण्यासाठीही म्हणू शकतो, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय काम ईमेलने पाठवले की ते परत घेता येत नाही. दुकानदार माल परत आणू शकतो, भाषांतरकार वाचलेले भाषांतर परत कसे आणणार? म्हणून इथे पहिले पाऊल कुणी टाकायचे हा प्रश्न दोन्हीकडून अडतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चालवलेल्या ‘ऑनलाइन लेबर इंडेक्स’नुसार अशा बाजारांत काम करणाऱ्यांचा सर्वांत मोठा पुरवठा भारतातून होतो. अनोळखी माणसासाठी आधी काम करून ठेवण्याची जोखीम त्यामुळे आपल्याकडच्या फार मोठ्या तरुणवर्गाच्या पदरी आहे.

प्रस्थापित कंपन्यांनी ही कोंडी फोडली ती त्रयस्थ होऊन. १९९९मध्ये सुरू झालेली इलान्स आणि २००३ची ओडेस्क २०१३च्या अखेरीस एकत्र आल्या, आणि २०१५मध्ये त्यांना अपवर्क हे नाव मिळाले. तिथे ठरीव रकमेच्या कामात क्लायंट टप्प्याटप्प्याने पैसे आधीच जमा करतो. काम सादर झाल्यावर त्याने चौदा दिवसांत हरकत घेतली नाही तर रक्कम आपोआप मोकळी होते. तासावरच्या कामात पडद्याची छायाचित्रे हा पुरावा असतो. ही अनामत सांभाळणाऱ्या उपकंपनीकडे कॅलिफोर्निया राज्याच्या वित्तनियामकाचा परवाना आहे. ही बाब रुक्ष वाटेल, पण सगळ्या व्यवस्थेचा पाया तीच आहे. अनामत घेऊन पळालेल्याला पकडणारे कुणीतरी आहे, हे दोन्ही पक्षांना माहीत असते. या सेवेची किंमत मात्र कमी नाही. फायव्हर ही अशीच दुसरी कंपनी कामकऱ्याकडून वीस टक्के घेते. अपवर्कने २०२३मध्ये सरसकट दहा टक्के दर लावला आणि पुढे तो कामानुसार बदलता केला. बाजार समितीतल्या आडतीबद्दल शेतकऱ्याची जी तक्रार, तीच इथे फ्रीलान्सरची आहे. आडत्या पैशाची हमी घेतो म्हणून आडत घेतो हे पटते, पण हमी किती आणि आडत किती हे शेतकऱ्याला कळत नाही. फ्रीलान्सरला आणखी एक गोष्ट खुपते. पाच वर्षे कमावलेली पत कंपनीच्या पानावरच राहते. खाते बंद झाले की पत गेली, आणि बंद का झाले याचे समाधानकारक उत्तर मिळेलच असे नाही.

पत म्हणजे इथे ताऱ्यांचे रेटिंग. ते निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. ईबेवर पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियंत्रित प्रयोग केला. जुनी पोस्टकार्डे विकणाऱ्या एकाच माणसाने सारखाच माल आपल्या नावाजलेल्या खात्यावरून विकला आणि कोऱ्या खात्यांवरूनही. नावाजलेल्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. म्हणजे पतीला भाव आहे. पण भाव आला की फुगवटाही येतो. एका मोठ्या ऑनलाइन कामबाजाराच्या नोंदी तपासणाऱ्या फिलिपास, हॉर्टन आणि गोल्डन यांना असे दिसले की पूर्ण पाच तारे मिळालेल्यांचे प्रमाण काही वर्षांत ३३ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेले. काम तेवढ्या पटीने सुधारले नव्हते. वाईट शेरा दिला तर समोरच्याचे पोट मारले जाते, हे जाणून लोक शेरे देताना हात सैल सोडू लागले होते. हा भलेपणाच आहे, पण त्याने शेऱ्याचा अर्थ संपतो. दुसरीकडे अमांडा पॅले यांनी ओडेस्कवर ९५२ कामकऱ्यांना सोडतीने निवडून माहितीनोंदीचे छोटे काम दिले आणि त्यांचे मूल्यमापन जाहीर केले. ज्यांच्याकडे आधी काम नव्हते अशांनाही त्यानंतर जास्त कामे मिळू लागली. नवख्या माणसाला कौशल्यापेक्षा एका खऱ्या शेऱ्याची वाण असते. या दोन अभ्यासांना जोडून पाहिले तर शेरा तेव्हाच कामाचा ठरतो जेव्हा तो देणाऱ्याने काम खरोखर करून घेतलेले असते आणि खोटा शेरा देण्याला काहीतरी किंमत असते. जिथे नवे खाते उघडायला ओळख लागत नाही, फक्त डिजिटल चलनाचा एक पत्ता लागतो, तिथे शंभर खाती काढून स्वतःलाच शाबासकी देणे एका संध्याकाळचे काम आहे.

मग डिजिटल चलनाची गरजच काय, असा प्रश्न इथे कुणीही विचारेल. बँकेने पाठवावेत पैसे! हा आक्षेप ज्यांच्याजवळ बँक आहे त्यांना सुचतो. २०१४मध्ये फिल्म ॲनेक्स या न्यूयॉर्कच्या संकेतस्थळाने लेखन करणाऱ्यांना बिटकॉइनमध्ये मोबदला द्यायला सुरुवात केली. अफगाण उद्योजिका रोया महबूब यांच्या पुढाकाराने त्यासाठी लिहिणाऱ्या अफगाण मुली त्यात होत्या. बऱ्याच जणींचे बँकेत खाते नव्हते, आणि हातात रोख रक्कम आली तर ती घरातल्या पुरुषांच्या हाती जाण्याची भीती होती. फोनमधला पैसा त्यांचा स्वतःचा राहत होता. अर्जेंटिनात परकीय चलनावरच्या निर्बंधांच्या काळात सरकारी दराने डॉलर पेसोत बदलले की कमाईचा मोठा भाग गळून पडे, म्हणून तिथले अनेक फ्रीलान्सर डॉलरशी बांधलेले स्टेबलकॉइन मागू लागले. या माणसांना तंत्रज्ञानाचे वेड नव्हते, कष्टाचे पैसे पूर्ण हातात पडावेत एवढेच त्यांना हवे होते. पण अडचण लगेच पुढे उभी राहिली. नोव्हेंबर २०१३च्या अखेरीस अकराशे डॉलरच्या वर गेलेला बिटकॉइन जानेवारी २०१५मध्ये दोनशेच्या खाली आला. ज्या मुलीने मोबदला साठवून ठेवला, तिच्या कष्टाचा मोठा भाग कुणी न चोरताही गेला. स्टेबलकॉइनने ही जखम बरीच भरली, पूर्ण नाही. मे २०२२मध्ये टेरायूएसडी हे ‘स्थिर’ म्हणवणारे नाणे काही दिवसांत मातीमोल झाले. मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिथे यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीपैकी ३.३ अब्ज डॉलर अडकले, आणि ते नाणे काही काळ नव्वद सेंटच्याही खाली उतरले. ज्याला महिनाभराच्या कामाचे पैसे त्याच शनिवार-रविवारी विकावे लागले असतील त्याचे नुकसान सोमवारी दर सावरल्याने भरून आले नाही.

आता अनामतीकडे येऊ. डिजिटल चलनातली अनामत एका माणसाच्या हाती दिली की काय होते, याचा धडा सर्वांत आधी चोरबाजारांनी गिरवला. ड्रग्ज विकणाऱ्या या छुप्या संकेतस्थळांचे उदाहरण घेणे कुणाला रुचणार नाही, पण कायद्याचा आधार अजिबात नसताना अनोळखी माणसे व्यवहार कशी करतात हे तिथेच उघडेनागडे दिसते. इव्होल्यूशन नावाच्या अशा बाजाराचे चालक मार्च २०१५मध्ये ग्राहकांची अनामत घेऊन नाहीसे झाले. त्या रकमेचा अंदाज तेव्हा सुमारे सव्वा कोटी डॉलर इतका होता. त्यांच्याकडे रेटिंग होते, शेरे होते, अनामतीची सोयही होती. नव्हता तो फक्त अनामत घेणाऱ्यावर कुणाचा अंकुश.

यावरचा तांत्रिक तोडगा खरोखर सुंदर आहे. देवस्थानाच्या पेटीला एकाहून जास्त कुलपे असतात, किल्ल्या वेगवेगळ्या विश्वस्तांकडे असतात आणि पेटी पंचांसमोर उघडते. बिटकॉइनमध्ये अगदी असेच करता येते. पैसे अशा पत्त्यावर ठेवायचे की ज्याच्या तीन किल्ल्या आहेत, आणि कुठल्याही दोन लागल्याशिवाय तो उघडत नाही. एक किल्ली क्लायंटची, एक कामकऱ्याची, तिसरी पंचाची. काम नीट झाले तर पहिले दोघे मिळून पैसे मोकळे करतात आणि पंचाला काही कळतही नाही. भांडण झाले तर पंच ज्याची बाजू मान्य करतो त्याच्यासोबत आपली किल्ली लावतो. पंच एकटा पैसे घेऊन पळू शकत नाही, कारण त्याच्याकडे एकच किल्ली आहे. एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेल्या ओपनबझार या बाजाराने हीच रीत स्वीकारली होती. त्यात मध्यवर्ती कंपनीचे नियंत्रण नव्हते, दलाली नव्हती, पाठीशी नामवंत गुंतवणूकदार होते. तरी २०२१च्या सुरुवातीला तो बंद पडला. त्याची कारणे अनेक होती, ग्राहकच पुरेसे जमले नाहीत हे त्यातले मोठे. पण तिसऱ्या किल्लीबद्दल तिथे जो प्रश्न उरला तो माझ्या मते मूलभूत आहे. पळून जाण्याची चोरी थांबली, पण पक्षपात कसा थांबणार? पंच आणि क्लायंट आतून एकच असले तर? पंचाला विषय कळतच नसेल तर? दोन किल्ल्यांचे गणित अचूक आहे, तिसरी कुणाच्या हाती द्यायची हे मात्र गणित सांगत नाही.

तंत्रज्ञानाचे कैवारी म्हणतात, मग माणूस काढूनच टाका, करार कोडमध्ये लिहा, अट पूर्ण झाली की पैसे आपोआप जातील. इथेरियम या कोडमधले करार चालवणाऱ्या डिजिटल चलनव्यवस्थेवरचा ईथलान्स हा कामबाजार दलाली न घेता याच वाटेने निघाला होता. जिथे अट यंत्राला तपासता येते तिथे हे चालते. एखादा प्रोग्राम ठरलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण झाला की नाही, हे यंत्र सांगू शकते. पण कवितेचे भाषांतर नीट झाले का, मुखपृष्ठ पुस्तकाला शोभते का, हे कोडला कसे कळणार? ते कुणीतरी कोडला सांगावे लागते, आणि तो सांगणारा म्हणजेच पुन्हा आपला पंच. शिवाय ‘कोड हाच कायदा’ म्हणणाऱ्यांनीही अडचणीच्या वेळी माणसालाच हाक मारली आहे. जून २०१६मध्ये ‘द डाओ’ या सामायिक निधीच्या कोडमधली फट वापरून कुणीतरी इथेरियमचे चलन असलेले सुमारे ३६ लाख इथर वळते केले. कोडच्या दृष्टीने तो व्यवहार वैध होता. तरी जुलैमध्ये इथेरियमच्या बहुसंख्य समाजाने व्यवहारनोंदींच्या साखळीचा (ब्लॉकचेनचा) मार्गच बदलून तो उलटवला, आणि ज्यांना हे मान्य नव्हते ते जुन्या साखळीवर इथेरियम क्लासिक म्हणून राहिले. उलटवणे योग्य होते असेच मला वाटते. पण मग न फिरणाऱ्या पैशालाही फिरवणारा एक निवाडा असतो, तो कोण करतो हे फक्त आधी लिहून ठेवलेले नव्हते, एवढे मान्य करावे लागते. टेथर या स्टेबलकॉइनची गोष्टही तशीच. ते काढणारी कंपनी ठरावीक पत्त्यांवरचे टेथर गोठवू शकते आणि गोठवतेही.

यापुढचा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. पंच एक का असावा, अनेक असावेत आणि त्यांची स्वतःची रक्कम पणाला लागावी. क्लेरॉस ही व्यवस्था याच विचारावर उभी आहे. पंच व्हायचे त्याने ठरावीक टोकन अनामत ठेवायचे. प्रत्येक तंट्यासाठी त्यातून सोडतीने काही जण निवडले जातात, ते पुरावे पाहून मत देतात. बहुमताबरोबर गेलेल्यांना मोबदला मिळतो, उलट गेलेल्यांच्या अनामतीला कात्री लागते. निकाल न पटल्यास जास्त पंचांपुढे अपील करता येते. चुकीचा निवाडा केला तर पंचाचे काय जाते, या माझ्या प्रश्नाला आजवर मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. तरी त्यात एक उणीव राहते. पंचाला शिक्षा होते ती चुकल्याबद्दल नव्हे, वेगळे पडल्याबद्दल. सरळ प्रकरणात दोन्ही एकच असते. पण ज्या तंट्यात खरी मेख एखाद्या जाणकारालाच दिसते, तिथे जाणकाराला आपले मत गिळून ‘बाकीचे काय म्हणतील’ याचा अंदाज बांधण्याचे आमिष राहते. शिवाय पन्नास डॉलरच्या कामासाठी पंचांची फी कोण भरणार? अशा व्यवस्थेत लहान काम करणारा न्याय मागायला जात नाही, तो नुकसान सोसतो आणि बाजार सोडून जातो.

व्यवहार बिघडल्यावर जबाबदार कोण, या प्रश्नाचा विचार आपल्याकडच्या हुंडीच्या व्यवहारात फार खोलवर झाला होता. हुंडीही कागदावरचा चिठोराच होती, आणि ती शेकडो कोसांवरच्या अनोळखी पेढीवर वटायची होती. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. पण या संदर्भात जास्त महत्त्वाची आहे ती शाहजोग हुंडी. ती कुणाही वाहकाला वटवून मिळत नसे, बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच वटे, आणि हुंडी खोटी निघाली तर तिचे पैसे भरून देण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ, अशा प्रतींची सोय होती. जिकरी चिठ्ठी तर अशी, की पेढीने हुंडी नाकारली तर त्याच गावातला दुसरा कोण ती वटवून देईल, हे हुंडी लिहिणारा आधीच सांगून ठेवी. म्हणजे व्यवहार बिघडला तर जायचे कुणाकडे, हे तो बिघडण्याच्या आधी, नावानिशी ठरलेले असे. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतल्या अशा संलेखांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. जुने ते सोने म्हणून मी हे सांगत नाही. त्या जगात पत जात-जमातीच्या कुंपणात राहत असे, बाहेरच्याला शाह होता येत नसे, आणि आजच्या कामबाजाराचे मोठेपण हेच की तो हे कुंपण मोडू पाहतो. पण कुंपण मोडताना त्यातला नामनिर्देशित जबाबदार माणूसही मोडीत काढला गेला, ही खरी हानी झाली.

भारतातल्या फ्रीलान्सरला डिजिटल चलन घेताना आणखी दोन भिंती लागतात, आणि त्याही जबाबदार त्रयस्थाच्या अभावातूनच उभ्या राहतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, आणि २०२२पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर व विक्रीवर एक टक्का कपात लागू झाली. तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. सेवा परदेशी दिली तरी जीएसटीच्या दृष्टीने ती निर्यात ठरायला पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत, यावे लागतात. बिटकॉइन किंवा टेथर त्यात बसत नाहीत, म्हणून नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला करमुक्त ठरू शकणाऱ्या कामावर १८ टक्के भरावे लागण्याचा धोका राहतो. दुसरी भिंत जास्त भीतिदायक आहे. मिळालेले टेथर एखाद्या अनोळखी माणसाला थेट विकले आणि त्याने दिलेले रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर विकणाऱ्याचे बँक खाते गोठते. मेहनतीने कमावलेले पैसे खात्यात दिसतात आणि काढता येत नाहीत. ‘घरबसल्या काम’ सांगून टेलिग्रामवर आधी थोडे पैसे देणारे आणि मग ‘पुढच्या कामासाठी’ टेथर भरायला लावणारे टोळके तर पुण्या-मुंबईच्या सायबर पोलिसांना रोजचेच झाले आहे. ज्या बाजारात काम मिळवण्यासाठी कामकऱ्यालाच पैसे भरायला सांगतात, तिथून त्याच क्षणी निघावे, यात अपवाद नाही. डिजिटल रुपया आला की हे सुटेल, असे काहींना वाटते. १ डिसेंबर २०२२पासून त्याचा किरकोळ व्यवहारांचा प्रायोगिक वापर सुरू आहे, आणि ठरावीक अटीवरच खर्च होणारे पैसे त्यात शक्य आहेत. त्याने अनामत जास्त सुरक्षित होईल हे खरे. पण बोधचिन्ह नीट झाले की नाही, हे रिझर्व्ह बँक सांगणार नाही.

म्हणून एखाद्या कामबाजाराबद्दल विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. पंच कोण, त्याचे नाव उघड आहे का, त्याला विषय कळतो का, त्याची स्वतःची रक्कम पणाला लागली आहे का? गेल्या वर्षी किती तंटे आले, किती दिवसांत मिटले, किती वेळा कामकऱ्याच्या आणि किती वेळा क्लायंटच्या बाजूने निकाल गेला, हे आकडे बाजार छापतो का? लहान कामांसाठी पंचाची फी बाजार स्वतः सोसतो का? कामे लहान टप्प्यांत तोडली आहेत का, म्हणजे कुणाचाही विश्वास एका वेळी थोडाच पणाला लागेल? शेवटी, हरलेला पक्ष निकाल मानायला नकार देऊ लागला तर हा निवाडा कुठल्या न्यायालयात टिकतो? हा शेवटचा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही. मेक्सिकोत भाडेकराराच्या एका तंट्यात दोन्ही पक्षांनी आधीच लिहून दिले होते की नेमलेला लवाद प्रकरण क्लेरॉसच्या पंचांपुढे ठेवेल आणि त्यांचा कौल आपल्या निवाड्यात उतरवेल. तसेच झाले, आणि २०२१मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या निवाड्याची अंमलबजावणी मान्य केली. अनोळखी पंचांच्या कौलाला एका नावाच्या माणसाची सही आणि राज्याच्या कायद्याचा आधार मिळाला, तेव्हा तिसऱ्या किल्लीला पहिल्यांदा धरायला मूठ आली. आपल्याकडे लवाद आणि सामंजस्याचा १९९६चा कायदा आहे, परदेशी निवाडे मान्य करणाऱ्या १९५८च्या न्यूयॉर्क कराराचा भारत सदस्य आहे, आणि २०२३च्या मध्यस्थी कायद्याने ऑनलाइन मध्यस्थीलाही मान्यता दिली आहे. नाशिकच्या मुलीने लिस्बनच्या क्लायंटशी करार करताना तंटा झाल्यास लवाद कोण आणि कुठला कायदा लागू, हे दोन ओळींत लिहून घ्यायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. त्या दोन ओळी करारात आपोआप छापून देणारा कामबाजार कुणीतरी आधी उभारायला हवा.